ताईशिवाय एक फेरी

मागच्या सीटवर बसलेली ताई "हं" म्हणाली आणि पाठोपाठ हॉर्न वाजला. मी दचकलो नाही. डाव्या हातातला ब्रेक-वेगाचा दांडा होता तिथेच राहिला, उजव्या हाताखाली स्टिअरिंगवर बसवलेली मूठ तसूभरही हलली नाही, गाडी आपली सरळ चालत राहिली. शेजारी बसलेल्या परीक्षक बाईंनी त्यांच्या बाजूला बसवलेल्या हॉर्नवरून हात काढला, मांडीवरच्या कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, "छान. अगदी छान." त्यांच्यापुरता विषय संपला होता. माझ्या मानेवरून मात्र घामाची धार शर्टात उतरली, कारण त्या "हं"चा अर्थ गाडीतल्या तिघांपैकी दोघांनाच ठाऊक होता. बाईंना वाटलं असेल, बहीण मागे बसून कंटाळली, सुस्कारा टाकला. मी आरशात पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती, आणि इतकं लक्ष देऊन बघत होती की बाहेर काहीतरी विशेष असायला हवं होतं. बाहेर एका बंद गोदामाची लांबच लांब भिंत होती.

हे "हं" काय आहे ते सांगायचं तर मला जन्मापर्यंत मागे जावं लागेल, आणि त्याचा मला मनापासून कंटाळा आहे. ती गोष्ट मी डॉक्टरांना, शाळांना, ऑफिसांना आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या भोचक माणसांना इतक्यांदा सांगितली आहे की ती आता माझी वाटतच नाही. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. सेरेब्रल पाल्सी. पाय आखडलेले, चालायला दोन कुबड्या, बोलणं थोडं जड, पण जीभ तिखट आणि डोकं शाबूत. लोकांना कुबड्या दिसतात. दचका दिसत नाही. दार आपटलं की तान्हं मूल दोन्ही हात फेकतं ना, तसा. बाकीच्यांचा तो काही महिन्यांत जातो, माझा मुक्कामाला राहिला. आता मी त्रेचाळीस वर्षांचा बाप्या आहे, टक्कल पडायला लागलंय, आणि चमचा खाली पडला तरी माझे हात उडतात, पाय ताठ होतात, हातात जे असेल ते जातं. भीती वाटते म्हणून हात उडत नाहीत. भीती मागाहून येते, आणि तिच्या मागून लाज. घरात मला सगळे ससोबा म्हणायचे. आईने यावर तिचा तिचा उपाय काढला होता, की घरात कुठलाही आवाज करायच्या आधी सांगायचं. मिक्सर लावण्याआधी, कपाट बंद करण्याआधी, भांडी मोरीत टाकण्याआधी, "आवाज होणार हं." बाबांना शिंक आली तरी ते नाक दाबून आधी वर्दी द्यायचे, आणि पुष्कळदा त्या भानगडीत शिंकच परत जायची, मग पुढचा तासभर त्यांच्याशी बोलायची सोय नसायची. पाहुण्यांना उंबऱ्यातच ताकीद मिळायची. वापरून वापरून त्या वाक्याचं नुसतं "हं" उरलं. सांगून आलेल्या आवाजाला मी दचकत नाही. अंग आतल्या आत आवळून घेतं आणि आवाज वरून निघून जातो. शाळेत गेलो तेव्हा कळलं की बाहेर कुणी वर्दी देत नाही. चित्रकलेच्या तासाला मास्तरांनी टेबलावर डस्टर आपटला, माझं रंगाचं पाणी पुढच्या मुलाच्या पाठीवर गेलं, आणि नंतर कितीतरी दिवस पोरं माझ्या कानाशी येऊन टाळी वाजवून पळत होती. त्या दिवसांत मधल्या सुट्टीत ताई तिच्या वर्गातून धावत यायची आणि माझ्यामागे उभी राहायची, पाठीला पाठ लावून, कोण येतंय ते बघत. बाबा गेले, मग आई गेली. "हं" म्हणणारं आता जगात एकच माणूस आहे.

काम मी करतो कान तपासण्याचं. लोकांना याची गंमत वाटते, वाटू दे. मी ते पूर्ण विचार करून निवडलं. बाहेरचा आवाज आत न येणारी खोली, जाड दार, काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेला माणूस, आणि आवाज कधी करायचा, किती मोठा करायचा ते सगळं माझ्या हातात. ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं, एवढाच खेळ. पण ज्याला ऐकू येत नाही तो माणूस मोठा चलाख असतो. तो आवाजाची वाट बघत नाही, तो माझ्याकडे बघतो. माझं मनगट हललं की दाबलं बटण. एक सुतार आले होते, करवतींच्या घरघरीत दोन्ही कान जवळजवळ गेलेले, त्यांनी नुसतं माझ्या खांद्याकडे बघून अख्खी तपासणी पास केली आणि बायकोकडे असा कटाक्ष टाकला की बघ, म्हणत नव्हतो? मी खुर्ची फिरवली, त्यांच्याकडे पाठ केली आणि पुन्हा तपासणी घेतली. बटण एकदाही दाबलं गेलं नाही. ते माझ्यावर भयंकर चिडले. मला त्यांचं वाईट वाटलं, पण पहिली तपासणी मी बाद केली. इशारा मिळाला की तपासणी बाद, त्यात विचार कसला करायचा. निदान त्या खोलीत तरी मला कधी विचार करावा लागला नव्हता.

"पुढच्या चौकातून वळून परत तपासणी केंद्रात घ्या," बाई म्हणाल्या. मी वळलो. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. पायांना काही काम नाही, ते खाली पाहुण्यासारखे बसलेले. मी गाडी चांगली चालवतो. हे मी फुशारकीने सांगत नाही, बाईंनीच सकाळी सगळं तपासलं होतं, डोळे, मानेचं वळणं, हातातलं बळ, एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष ठेवता येतं की नाही ते, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या भुवया थोड्या वर गेल्या होत्या. राहिला होता तो फक्त दचका. मला वाटत होतं तोही आटोक्यात आलाय. शिकवणीच्या अख्ख्या काळात मी एकदाच दचकलो होतो, तेही सुरुवातीला. आता त्या भिंतीच्या कडेने गाडी नेताना मला दुसरंच आठवायला लागलं. शिकवणीलाही ताई रोज मागे बसायची. समोरून ट्रक आला की "हं". मोटरसायकलवाला मागून घाईत आला की "हं". मी गाडी चालवायला शिकत होतो आणि ती माझ्या आधी सगळा रस्ता ऐकत होती. मी सुधारलो कशावरून म्हणायचं? आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर झालो होतो आणि लायसन्स एकाच्या नावाने मागत होतो.

आणि मला ते लायसन्स हवं होतं. किती हवं होतं ते सांगताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. त्रेचाळीस वर्षांत मी कुणालाही न सांगता कुठेही गेलेलो नाही. बसच्या पायऱ्या उंच, टॅक्सीवाले कुबड्या बघून वेग वाढवतात, म्हणून ताई सकाळी मला कामावर सोडते, मग स्वतःच्या कामावर जाते आणि संध्याकाळी घ्यायला येते. कुठे, कधी, किती वाजेपर्यंत, हे मी रोज कुणाला तरी सांगतो. मला वाटायचं, एकदा तरी संध्याकाळी निघावं आणि घरी न जाता भलतीकडेच वळावं. तिथे काही नसलं तरी चालेल. परत आल्यावर "कुठे होतास" असं कुणी विचारावं आणि मी म्हणावं, "असाच." ताईचीही एक गोष्ट होती, आणि ती माझ्या गोष्टीला बांधलेली होती. ती नर्सिंग शिकवते. लांबच्या एका समुद्राकाठच्या गावात नवी नर्सिंग शाळा निघते आहे आणि त्यांनी तिला प्राचार्य म्हणून बोलावलंय. ते पत्र आलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या स्वतःशीच हसत होती, आणि मी दारात आलो तशी हसू आवरून म्हणाली, "काही नाही रे, उगीच." पन्नाशीला आलेली बाई, लग्न केलं नाही, का केलं नाही ते आम्ही कधी बोललो नाही, कारण दोघांनाही ते माहीत होतं. "तुझं लायसन्स झालं की मी त्यांना हो कळवते," ती म्हणाली होती. त्यांना या आठवड्यात उत्तर द्यायचं होतं.

केंद्राच्या आवारात मी गाडी आखलेल्या पट्ट्यात नीट लावली. बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "माझ्या बाजूने काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "हाताने चालवायच्या गाडीपुरतं लायसन्स मिळायला हवं तुम्हाला. अभिनंदन." मागून ताईचा हात माझ्या खांद्यावर आला. मी काहीच बोललो नसतो तर इथे गोष्ट संपली असती, आणि बहुतेक सुखाने संपली असती. मला त्या क्षणी सुतारांचा इतका हेवा वाटला. त्यांच्याकडे पाठ करायला मी तरी होतो. इथे खुर्ची फिरवणारं कुणी नव्हतं, ते मलाच करायला हवं होतं, आणि मला करायचं नव्हतं, हे स्वच्छ सांगतो. गप्प बसावं असं मला फार वाटलं. ससोबा, गप्प बस, मी स्वतःला म्हणालो. मग कामावर जाण्याच्या रस्त्यावर एक लहान मुलांची शाळा आहे, ती मला दिसायला लागली. फाटक उघडतं, पोरं बाहेर येतात, कुणीतरी जोरात हॉर्न मारतो आणि मागच्या सीटवर कुणी नसतं.

"बाई," मी म्हणालो, "हॉर्नची तपासणी परत घ्या. माझ्या बहिणीला खाली उतरवून."

"का बरं? त्या काय करताहेत?"

"ती मला आधी सांगते. मघाशी पण सांगितलं."

बाईंनी मागे वळून पाहिलं. ताईचा हात खांद्यावरून निघाला. "मी कुठे काय बोलले?" ती म्हणाली. मग माझ्याकडे झुकून खालच्या आवाजात, जणू बाई गाडीत नव्हत्याच, "वेडा आहेस का तू? पास केलंय त्यांनी."

"तू हं म्हणालीस, ताई."

"म्हणाले असेन. सवय आहे. चाळीस वर्षं म्हणतेय, तोंडातून निघून जातं. म्हणून काय आता..." तिने पर्स उचलली. ती सवयीने म्हणाली की बाईंचा हात हॉर्नकडे जाताना बघून मुद्दाम म्हणाली, हे मला तेव्हा कळलं नाही. दार उघडून ती उतरली. फाटकाशी जाऊन उभी राहिली, पर्स पोटाशी धरून, आमच्याकडे पाठ करून. पाठमोरी ती आईसारखी दिसते हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

"आता पुन्हा एकदाच," बाई म्हणाल्या. "मी कधी वाजवेन ते सांगणार नाही." मी हसून म्हणालो, "तेच तर हवंय," आणि ते हसू माझं मलाच ओशाळवाणं वाटलं. आम्ही बाहेर पडलो. आरशात मागची सीट रिकामी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा अशा गाडीत बसलो होतो जिच्यात मला ओळखणारं कुणीच नव्हतं, आणि सुरुवातीला मी नुसता आवळून बसलो. खांदे कानाशी. आता वाजेल, या झाडापाशी वाजेल, त्या वळणावर नक्की. वाजला नाही. असं वाट बघत चालवलं तर मी कधीच दचकणार नाही, हे मला कळत होतं, आणि असं रोज कुणालाही चालवता येणार नाही, हेही कळत होतं. आम्ही पुलाच्या चढावर आलो. दोन्ही बाजूंना सपाट छपरांची घरं, एका गच्चीवर एक बाई चादर झटकत होती, ती चादर वाऱ्याने फुगली आणि बाईच्या हातातून सुटता सुटता राहिली, तिने ती छातीशी ओढून धरली आणि एकटीच हसली. मी ते पाहिलं. पुलाच्या पलीकडे एक रस्ता उजवीकडे फुटत होता, त्याच्यावर काही पाटी नव्हती, दोन्हीकडे उंच गवत, पुढे कुठे जात होता कोण जाणे. मला वाटलं, एखाद्या संध्याकाळी इकडे वळायचं. खांदे कधी खाली आले ते कळलंच नाही. आत काहीतरी सैल झालं, खूप दिवसांनी, बहुतेक पहिल्यांदाच. मी आनंदात होतो, आणि त्या आनंदात मी वाट बघायचं विसरलो.

हॉर्न वाजला. माझे हात उडाले. मूठ हातातून सुटली की ओढली गेली ते मला सांगता येणार नाही, अशा वेळी मी तिथे नसतो, परत येतो तेव्हा होऊन गेलेलं असतं. परत आलो तेव्हा गाडी तिरकी उभी होती, बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता, आणि बॉनेटच्या पुढे, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, एक माणूस सायकलच्या कॅरिअरवर गाठोडं बांधत वाकलेला होता. त्याने दोरीचं टोक दातात धरलं होतं. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. त्याला काही कळलंच नव्हतं. त्याने दोरी ओढली, गाठ मारली, आणि सायकल हातात धरून तो निघून गेला. माझ्या मांड्या अजून लाकडासारख्या ताठ होत्या आणि घशातून एक आवाज येत होता, तो मी बंद केला.

"ठीक आहात ना?" बाई म्हणाल्या.

"हो. तुमचा ब्रेक नसता तर?"

बाईंनी पेनाचं टोपण परत काढलं. "बाकी सगळं तुम्ही फार छान करता," त्या म्हणाल्या. "मी नेहमी असं म्हणत नाही. पण मला आता हरकत घ्यावी लागेल."

"घ्या. मीही घेतली असती."

"काही जणांना औषधाने थोडा फरक पडतो. डॉक्टरांशी बोलून बघा. वर्षभराने परत या हवं तर." हवं तर, असं माणूस कुठल्या आवाजात म्हणतं ते मला ठाऊक आहे. मीही काचेपलीकडच्या लोकांना म्हणतो. मग त्या म्हणाल्या, "परत तुम्हीच चालवा. माझा ब्रेक आहेच, रस्ता मोकळा आहे. चालवा, आवडतं तुम्हाला." त्यांनी ते इतक्या भलेपणाने म्हटलं की रडू कोसळायच्या बेतात होतं. माझी ही शेवटची गाडी होती. पूल उतरायचा, घरं, झाडं, वळण, मग फाटक. माझा हात दांड्यावर गेलासुद्धा. पण फाटकाशी ताई उभी होती. आम्ही लांबून येताना दिसू, ती सर्वांत आधी ड्रायव्हरच्या सीटकडे बघेल, तिथे मी दिसेन, आणि त्या वळणापासून फाटकापर्यंत ती समुद्राकाठी पोचलेली असेल. मग दार उघडून मी तिला तिथून परत आणायचं. ते मला जमलं नसतं. "तुम्हीच घ्या," मी म्हणालो. जागा बदलायला आम्हाला बराच वेळ लागला. भर रस्त्यात कुबड्या काढा, गाडीला धरून पलीकडे जा, पाय उचलून एकेक आत ठेवा. मागून आलेल्या गाड्या थांबल्या होत्या. कुणीही हॉर्न मारला नाही, त्याचंही मला वाईट वाटलं.

वळणावरून ताई दिसली. तिने आम्हाला पाहिलं, आधी उजव्या सीटकडे, मग डाव्या. मी तिच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. माझ्या बाबतीत वाईट बातमी आली की तिचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे, ओठ घट्ट होतात, हनुवटी वर जाते, आता ही लढणार. या वेळी तसं झालं नाही. चेहरा नुसता पडला, एखाद्या लहान मुलीचा पडतो तसा, आणि तो माझ्यासाठी पडला नव्हता. तो तिच्या स्वतःसाठी पडला होता. मला कळलं की मघाचं "हं" सवयीचं नव्हतं. तिने ते चोरून दिलं होतं, मला पास करून स्वतः सुटायला. मला राग यायला हवा होता. उलट मला बरं वाटलं, की इतक्या वर्षांत एकदा तरी तिने स्वतःसाठी काहीतरी केलं, आणि तेही मीच हाणून पाडलं होतं. गाडी थांबेपर्यंत तिने चेहरा सावरला. ओठ घट्ट, हनुवटी वर. खिडकीशी येऊन म्हणाली, "असू दे. वर्षभराने परत देऊ. घाई कुणाला आहे?"

"त्यांना हो कळव," मी म्हणालो.

"कुणाला?"

"शाळेला. आजच कळव. परीक्षा माझी होती, मी नापास झालो. तू नाही झालीस."

"आणि तुला न्यायचं, आणायचं?"

"माझं मी बघेन. टॅक्सी, बस, कुणी मिळेल. नाहीतर कामाजवळ खोली घेईन. माणसं राहतात एकटी."

असं म्हटलं खरं. मला ताईशिवायचा रिकामा फ्लॅट दिसला, त्यातली दारं, वाऱ्याने आपटणारी, भिंतीपलीकडच्या लोकांची भांडी, आणि मी एकटा, हातात कप. मला भीती वाटली, साधी, लहानपणची. ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी समोर बघत राहिलो. पण ताईपासून माझं काय लपणार. ती खिडकीशी वाकून माझ्याकडे बघत राहिली, आणि तिने ते सगळं पाहिलं, दारं, भांडी, कप. मी वाट बघत होतो की ती आता म्हणेल, मूर्खासारखं काहीतरी बोलू नकोस, चल घरी.

"बरं," ताई म्हणाली.